हात नेमका कधी दुखावला, त्या तारखेवर सारे अवलंबून आहे

वेंगुर्ले तालुक्यातील एका ताईंचे चार पानी पत्र आले आहे. काजू कारखान्यात सहा वर्षे कटिंग मशीनवर काम केल्यावर उजव्या मनगटात कार्पल टनेल सिंड्रोम (मनगटातली नस दाबली जाऊन हात दुखणे, बोटे बधिर होणे) असल्याचे निदान झाले, काम सुटले, आणि मालक म्हणतात की हा घरकामाचा त्रास आहे. तर भरपाई मिळेल का, असे त्या विचारतात. रत्नागिरीत कोळंबी सोलणाऱ्या महिला आणि चिपळूणच्या पतसंस्थेत दिवसभर संगणकावर नोंदी करणारे कारकूनही मला हेच विचारतात.

ताई, टेबल उंच होते, स्टुलाला पाठ नव्हती, एका हाताने बी पात्यांत धरून दुसऱ्या हाताने दिवसभर दांडा ओढावा लागे, यावर आपण तीन पाने लिहिली आहेत. त्यातला शब्द न् शब्द खरा असेल, पण तेवढ्यावर दावा उभा राहत नाही. कर्मचारी नुकसानभरपाई अधिनियम, 1923 च्या तिसऱ्या अनुसूचीत, म्हणजे कामामुळे होणाऱ्या आजारांच्या यादीत, शिसे आणि पाऱ्याची विषबाधा आहे, गोंगाटाने आलेला बहिरेपणा आहे, मनगटाचा हा आजार नाही. आणि अनुसूचीबाहेरच्या आजाराला कलम 3(4) प्रमाणे भरपाई तेव्हाच मिळते, जेव्हा तो कामावर झालेल्या एखाद्या विशिष्ट अपघाती इजेतून थेट उद्भवलेला असतो.

आता आपल्याच पत्राचे शेवटचे पान पाहा. 14 मे 2024 रोजी दांडा अडकला, जोर लावताच मनगटात कळ आली, बोटे बधिर झाली आणि सुपरवायझरने रिक्षात घालून ग्रामीण रुग्णालयात नेले, हे आपण जाता जाता एका ओळीत लिहिले आहे. आपला दावा त्या एका ओळीत आहे. दुखणे आधीपासूनच होते, असे मालक म्हणतील. परंतु जुने दुखणे कामावरच्या अपघाताने बळावले तरी भरपाई देय ठरते, असे न्यायालयांनी अनेकदा मानले आहे.

अपघाताची लेखी सूचना आपण दिली नाही. हा निष्काळजीपणा मला प्रत्येक दुसऱ्या पत्रात दिसतो आणि त्यापायी हातचे दावे गेलेले पाहून वाईट वाटते, रागही येतो. आपल्या बाबतीत कलम 10 मधली एक तरतूद कामी येईल: मालकाला किंवा त्याच्या वतीने कारभार पाहणाऱ्याला अपघात त्या सुमारास अन्य मार्गाने कळला असेल, तर सूचनेअभावी दावा अडत नाही. मात्र सुपरवायझर उद्या कानांवर हात ठेवील, म्हणून त्या दिवसाचा केसपेपर हवा. तो आपण ‘कुठेतरी ठेवला होता’ म्हणता. उद्याच रुग्णालयात जाऊन प्रमाणित नकलेसाठी अर्ज द्या आणि पोच घ्या.

दाव्याची मुदत अपघातापासून दोन वर्षे आहे. हे उत्तर मी फेब्रुवारी 2026 मध्ये लिहीत आहे, म्हणजे तीन महिनेही पुरते उरलेले नाहीत, आणि मे महिन्यात न्यायालयांना उन्हाळी सुट्टी असते. तेव्हा एप्रिल हीच आपली मुदत समजा. सबळ कारण दाखवल्यास विलंब माफ होऊ शकतो, पण त्या एका मुद्द्यावर तारखांमागून तारखा पडतात आणि दुखऱ्या हाताने ओरोसच्या, म्हणजे जिल्ह्याच्या ठिकाणच्या, खेपा आपल्याला घालाव्या लागतात.

21 नोव्हेंबर 2025 पासून 1923 च्या या कायद्याच्या जागी सामाजिक सुरक्षा संहिता लागू झाली आहे. अपघात त्याआधीचा असल्याने आपला हक्क जुन्या कायद्यानेच ठरावा, असे माझे मत आहे. अर्ज आता नेमका कोणापुढे करायचा, ते मात्र ओरोसच्या जिल्हा न्यायालयात विचारून घ्या. पगारातून कर्मचारी राज्य विम्याचे 0.75 टक्के कापले जात असतील, तर मार्ग वेगळा आहे. तेव्हा मालकाकडे नव्हे, कर्मचारी राज्य विमा महामंडळाकडे मागणी करावी लागेल. रक्कम किती, हे आज सांगता येणार नाही. कमाईची क्षमता किती टक्के गेली, ते डॉक्टरांच्या दाखल्यावर ठरेल.

टेबल-स्टुलाची तक्रार औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाकडे जरूर करा, मागे राहिलेल्या बायकांना तिचा उपयोग होईल. केसपेपरची नक्कल यायला वेळ लागला, तरी तिच्यासाठी दाव्याचा अर्ज थांबवू नका. ती मागाहून जोडता येते.