तापात वाचलेल्या ‘जिलब्या’

‘मावशी, माझं माहेर धारवाडचं. घरात मराठी, शाळा मात्र पहिलीपासून कानडी. देवनागरी आली ती हिंदीच्या तासाला. त्यामुळे मराठी फडाफडा बोलते, खरं वाचताना अडखळते. लग्नाला तीन वर्षं झाली, बेळगावच्या वडगावात राहतो. श्रावणात मला डेंग्यू झाला. सात दिवस अंथरुणात होते. मामंजी रोज वाचनालयातून एक मराठी कादंबरी आणून उशाशी ठेवायचे. माझी गाडी दोन पानांपुढे जाईना. चौथ्या दिवशी माहेरच्या ट्रंकेतला कानडी “चंदमामा” मासिकाचा बांधीव गठ्ठा काढला आणि वाचत पडले. आजारपणात पहिल्यांदा जरा बरं वाटलं. मामंजींनी बघितलं. काही बोलले नाहीत, कादंबरी उचलून घेऊन गेले. आत्याबाई मात्र म्हणाल्या, “तापातसुद्धा जिलब्याच वाचायच्या का?” कानडी अक्षरं गोल गोल, म्हणून हा टोमणा. ताप उतरला त्याच दिवशी मी उठून स्वयंपाकाला लागले. आता मामंजी “गोळी घेतलीस का” याच्यापलीकडे बोलत नाहीत. माझं चुकलं का? नेट लावून मराठीच वाचायला हवं होतं का?’
– अडखळणारी सून, वडगाव

अगं पोरी,

चुकलं, पण वाचनात नाही. ताप उतरला त्या दिवशी तू चुलीपुढे उभी राहिलीस, तिथे चुकलं. डेंग्यूत ताप उतरला की घरातले सगळे सुटकेचा श्वास सोडतात, आणि नेमके त्यानंतरचे २४ ते ४८ तास जपायचे असतात. पोटात जोराने दुखणं, उलट्या न थांबणं, हिरड्यांतून रक्त येणं, गळून जाणं हे त्याच वेळी सुरू होऊ शकतं, आणि मग थेट दवाखाना गाठायचा असतो. तू निभावलीस, बरं झालं. आता पुढे घरात कुणाला असा ताप आला तर लक्षात ठेव: पाणी, पेज, सरबत भरपूर द्यायचं, अंगदुखीवर डॉक्टरांनी सांगितलेलं पॅरासिटामॉल द्यायचं, आणि अ‍ॅस्पिरिन, आयब्युप्रोफेनसारख्या गोळ्या मनाने अजिबात द्यायच्या नाहीत. थकवा अजून काही आठवडे राहू शकतो. भाकऱ्या दुसऱ्या कुणाला तरी थापू देत.

आता पुस्तकाचं. डेंग्यूत डोळ्यांच्या मागे ठणका लागतो. बुबुळ फिरवलं तरी दुखतं. अशा डोळ्यांनी तू परक्या वळणाच्या अक्षरांतली, न वाचलेली, दोन-अडीचशे पानांची कादंबरी वाचायला घेतलीस. चांगल्या प्रकृतीचा माणूसही कंटाळला असता. आजाऱ्याला आपण पेज देतो, कारण ती चावावी लागत नाही. वाचायला द्यायचं तेही तसंच हवं.

मला बाविसाव्या वर्षी टायफॉइड झाला होता. एम.ए.चा अभ्यास चालू होता. आमचं घर खानापूरचं, आषाढाचे दिवस, कौलांवर रात्रंदिवस पाऊस. माजघरात खाट टाकली होती, आणि कौलातून एक थेंब बरोबर खाटेच्या पायाशी ठेवलेल्या पितळेच्या तपेल्यात पडायचा. उशाशी अभ्यासाचे जाडजूड ग्रंथ. मी भावाला म्हटलं, माळ्यावरून माझं चौथीचं मराठीचं पुस्तक काढून दे. तो हसला, पण त्याने दिलं. कुठल्या पानाचा कोपरा दुमडलाय आणि कुठल्या चित्रातल्या राजाला मी शाईने मिशा काढल्यात, ते मला न उघडता माहीत होतं. सहा दिवस तेच वाचलं. वाचलं तरी कसं म्हणायचं? पानावर नुसती नजर टेकवायची आणि पडून राहायचं. पुढच्या ओळीत काय आहे ते ठाऊक असणं, एवढंच तापातल्या डोक्याला हवं असतं. तुझ्या ‘चंदमामा’ने तेच केलं. त्यात कानडी-मराठी कुठे आलं?

जिलबीच्या टोमण्याला उत्तर देत बसू नकोस. पण आत्याबाई फारच बोलल्या तर त्यांना द. रा. बेंद्रे आठवून दे. घरात मराठी बोलणारा धारवाडचा माणूस, कविता कानडीत लिहिली, आणि १९७३ चं ज्ञानपीठ घेतलं. त्याच धारवाडात जी. ए. कुलकर्णी इंग्रजी शिकवत होते आणि कथा मराठीत लिहीत होते. त्यांचं लहानपण तर आपल्या बेळगावातलं. (जी. ए. तापात वाचू नकोस हं. फार मोठा लेखक, पण रात्री झोप यायची नाही.) या पट्ट्यात एका माणसाच्या तोंडात दोन भाषा असणं ही काही आजची भानगड नाही.

मामंजींची गोष्ट निराळी आहे. ती हळू हाताने उकलायला हवी. तू वय लिहिलं नाहीस, पण सत्तरीच्या आसपासचे असावेत. म्हणजे १९८६ च्या, बेळगावातल्या मराठी माणसांच्या कानडी सक्तीविरुद्धच्या आंदोलनात हा माणूस ऐन तिशीत असणार. त्यात ते होते की नव्हते, मला माहीत नाही. पण त्या वयाच्या बेळगावकराला घरातलं मराठी पुस्तक हे नुसतं पुस्तक वाटत नाही, हे मला माहीत आहे. आणि तू लिहिलेली एक गोष्ट तुझ्याच लक्षात आलेली दिसत नाही. ते *रोज* एक कादंबरी आणत होते. श्रावणाच्या सरीत, पिशवीत घालून. काल आणलेली तू वाचली नाहीस, म्हणजे ती तुला आवडली नसणार, असं समजून ते दुसरी आणत होते. ‘कसं वाटतंय गं?’ हे त्यांना तोंडाने विचारता येत नाही. आपल्याकडच्या पुष्कळ सासऱ्यांना येत नाही. त्यांनी ते पुस्तकातून विचारलं. आणि चौथ्या दिवशी त्यांना काय दिसलं? सून छान वाचतेय, फक्त आपण आणलेलं सोडून.

तुला मराठी वाचायला जड जातं, हे त्यांना ठाऊक आहे का? तुझ्या पत्रावरून मला तरी वाटत नाही. तीन वर्षं तू लग्नपत्रिका, किराणाची यादी, देवळातला फलक असं सगळं अंदाजाने निभावत आलीस आणि लपवलंस. फडाफडा बोलणारी सून वाचताना अडते, हे त्यांच्या डोक्यात येणार कुठून? तुला येत नव्हतं. त्यांना वाटलं, तुला नको होतं. अबोला आहे तो एवढ्यावरच.

तेव्हा माफीबिफी मागू नकोस. माफी मागितलीस की कानडी वाचणं हा गुन्हा होता असं ठरेल, आणि ते मी ठरू देणार नाही. दुपारी ते चहाला बसले की तो गठ्ठा घेऊन शेजारी बस आणि सरळ सांग, ‘मामंजी, मला मराठी वाचायला वेळ लागतो. तुम्ही आणलेली पुस्तकं म्हणून राहिली.’ सांगताना लाज वाटेल. वाटू दे. आणि मग त्यांच्यापुढे गठ्ठा उघड. विक्रमादित्य खांद्यावर प्रेत टाकून, हातात तलवार घेऊन स्मशानातून चाललाय ते चित्र काढ. ते बघून ते काय म्हणतील, मी आत्ताच सांगते. ‘अगं, हा तर चांदोबा!’

कारण मासिक एकच, मद्रासहून निघायचं. कानडीत ‘चंदमामा’, मराठीत ‘चांदोबा’. चित्रं तीच, गोष्टीही बहुतेक त्याच, आणि शेवटी वेताळ झाडाला जाऊन लटकतो तोही तोच. त्यांच्या वयाच्या माणसाने तो वाचला नसेल, हे मी मानणार नाही. घरात जुने अंक असतील तर बघ. नाहीतर रद्दीच्या दुकानातून त्यांनाच शोधून आणायला सांग, त्यांना काम मिळेल. एक गोष्ट आधी कानडीत वाच, मग तीच मराठीत. पुढे काय होणार ते ठाऊक असलं की अक्षरं अडवत नाहीत. जोडाक्षराला अडलीस तर मोठ्याने विचार. आणि थकलीस की पुस्तक त्यांच्या हातात देऊन म्हण, ‘आता तुम्हीच वाचा, मी ऐकते.’ डोळे मिटून ऐकण्याइतकं आजारातून उठणाऱ्या माणसाला मानवणारं दुसरं काही नाही.

चांदोबा कुठेच मिळाला नाही तर मला कळव. आमच्या माळ्यावर एक गठ्ठा आहे. वाळवीने कडा खाल्ल्यात, पण वेताळ शाबूत आहे.

– मावशी