क्रमांक एकदा दिला की दिला

प्रिय मित्रा,

तुझा पॅच, म्हणजे कोडमधला सुचवलेला बदल, वाचला. खेळात एका फटक्यात ६५,५३५ पेक्षा जास्त डॅमेज झालं की स्क्रीनवरचा आकडा भलताच दिसतो, हे तू बरोबर पकडलंस. कारणही अचूक शोधलंस: डॅमेजच्या मेसेजमध्ये त्या आकड्याला दोनच बाइट आहेत, त्यामुळे ७०,००० चे ४,४६४ होतात. पण उपाय म्हणून प्रोटोकॉलच्या हेडर फाइलमध्ये (सर्व्हर आणि क्लाएंट यांनी एकमेकांशी कसं बोलायचं हे ठरवणाऱ्या सामाईक फाइलमध्ये), त्याच मेसेजच्या त्याच ओळीत, दोनाचे चार बाइट केलेस. ते मात्र घेता येणार नाही. कारण सविस्तर लिहितो, कारण मानासर्व्हसारख्या, ऑनलाइन खेळाच्या सर्व्हरच्या मुक्त प्रकल्पात काम करायचं तर या एका फाइलची शिस्त अंगात मुरायलाच हवी.

बाकीचा कोड आपण हवा तेव्हा बदलू शकतो. ही फाइल मात्र दोन घरांत राहते. एक प्रत सर्व्हरमध्ये, दुसरी क्लाएंटमध्ये, आणि क्लाएंट खेळाडूच्या कॉम्प्युटरवर. तो त्याने कधी अपडेट करावा हे आपण ठरवत नाही.

फाइल पुन्हा एकदा सावकाश वाच. प्रत्येक मेसेजच्या नावाची पहिली दोन अक्षरं दिशा सांगतात: पी म्हणजे खेळाडूचा क्लाएंट, ए म्हणजे अकाउंट सर्व्हर, जी म्हणजे गेम सर्व्हर, सी म्हणजे चॅट सर्व्हर. आधी पाठवणारा, मग घेणारा. त्यानंतर हेक्समधला (सोळाच्या पायातला) क्रमांक, आणि त्याच ओळीवर कॉमेंटमध्ये आतली मांडणी: बी म्हणजे एक बाइट, डब्ल्यू दोन, डी चार, एस म्हणजे स्ट्रिंग. कंपायलर कॉमेंट वाचत नाही, म्हणून नवी मुलं तिच्याकडे दुर्लक्ष करतात. पण कोणता मेसेज कोणत्या क्रमाने वाचायचा हे संपूर्ण प्रकल्पात एकाच जागी लिहिलेलं आहे, आणि ती जागा म्हणजे ही कॉमेंट. कोड बदलला आणि कॉमेंट तशीच राहिली, तर पुढचा माणूस चुकीच्या कागदावरून घर बांधतो.

आता डॅमेजचा मेसेज घे. हेक्समध्ये ०३१०. मांडणी अशी: प्राण्याचा आयडी दोन बाइट, डॅमेज दोन बाइट, आणि हीच जोडी मेसेज संपेपर्यंत पुन्हापुन्हा. किती जोड्या आहेत हे कुठेच लिहिलेलं नाही. बाइट उरलेत तोवर वाचत राहायचं. तुझ्या पॅचप्रमाणे नवा सर्व्हर दोन नोंदी पाठवतो असं समज. प्राणी ५ ला ३०० आणि प्राणी ६ ला ७०,००० डॅमेज. प्रत्येक नोंद सहा बाइटची, म्हणजे एकूण बारा बाइट. दोन-दोन बाइटचे तुकडे करून तारेवर, म्हणजे नेटवर्कवर, काय जातं ते वहीत मांड:

५, ०, ३००, ६, १, ४४६४

चार बाइटांतले ३०० म्हणजे वरचा तुकडा ० आणि खालचा ३००. ७०,००० म्हणजे वरचा १ (त्याची किंमत ६५,५३६) आणि खालचा ४,४६४. जुना क्लाएंट मात्र चार-चार बाइटच्या जोड्या वाचतो. बाराला चाराने निःशेष भाग जातो, त्यामुळे तो अडखळतही नाही. त्याला दिसतं: प्राणी ५ ला ० डॅमेज, प्राणी ३०० ला ६, प्राणी १ ला ४,४६४. क्रॅश नाही, लॉगमध्ये एरर नाही. खेळाडू तक्रार करणार, ‘मी एकाला मारतो आणि आकडा दुसऱ्याच्याच डोक्यावर उठतो’, आणि आपण लढाईच्या कोडमध्ये चूक शोधत बसणार. प्रोटोकॉलमधली सगळ्यात वाईट चूक ती, जी दोन्ही बाजूंना बरोबर वाटते.

म्हणून नियम असा: एकदा क्रमांक प्रकाशित झाला की त्याची मांडणी गोठली. फील्ड रुंद करायचं नाही, क्रम बदलायचा नाही, मधे काही घुसवायचं नाही. नवी मांडणी हवी तर नवा क्रमांक. त्याच गटातला पुढचा मोकळा क्रमांक घे. गटांमध्ये जागा सोडलेल्या असतात त्या याचसाठी. जुना मेसेज वापरातून गेला तरी त्याची ओळ पुसू नकोस. शेजारी ‘निवृत्त’ असं लिही आणि क्रमांक राहू दे. पुसलास तर वर्षभराने कुणीतरी तो मोकळा समजून दुसऱ्या कामाला लावेल. वरची मर्यादाही लक्षात ठेव. क्रमांकाच्या सोळा बिटांपैकी सर्वात वरचा बिट मानासर्व्हमध्ये डीबगसाठी राखलेला आहे. तो लागलेला असला की प्रत्येक किमतीआधी तिचा प्रकारही पाठवला जातो. त्यामुळे मेसेजसाठी खालचे पंधरा बिटच उरतात, आणि त्यातलाही शेवटचा, ३२,७६७, ‘अवैध मेसेज’ म्हणून ठरलेला आहे.

जुन्या क्लाएंटला जुना मेसेज जात राहावा आणि त्यात आकडा ६५,५३५ ला थोपवावा. गुंडाळून ४,४६४ दाखवण्यापेक्षा थोपलेला आकडा कितीतरी बरा. पण इथे एक अडचण आहे, जी तुझ्या लक्षात आली नसेल. क्लाएंट आपली प्रोटोकॉल आवृत्ती लॉगिन करताना अकाउंट सर्व्हरला सांगतो. गेम सर्व्हरकडे येताना तो फक्त ३२ बाइटचं टोकन, म्हणजे ओळखीची चिठ्ठी, घेऊन येतो. म्हणजे डॅमेजचा मेसेज ज्याला पाठवायचा आहे, त्याला समोरचा क्लाएंट नवा की जुना हे ठाऊकच नसतं. ही माहिती अकाउंट सर्व्हरने, खेळाडू येतोय हे गेम सर्व्हरला कळवणाऱ्या मेसेजमधून, पुढे द्यायला हवी. तो मेसेज मात्र तू बिनधास्त बदल. ए आणि जी यांच्यातले मेसेज आपल्याच दोन प्रोग्रामांमधले आहेत. दोन्ही एकाच सोर्समधून बांधले जातात आणि आपणच ते एकदम बंद-चालू करतो. गोठवण्याचा नियम पी असलेल्या मेसेजना. ही सरहद्द ओळखता आली की निम्मी भीती जाते.

आवृत्तीचे दोन आकडे असतात: आत्ताची, आणि चालणारी सर्वात जुनी. नवा मेसेज आला की पहिला वाढव. दुसरा वाढवणं म्हणजे लोकांना दाराबाहेर काढणं, तेव्हा तो निर्णय मेंटेनरवर, म्हणजे प्रकल्प सांभाळणाऱ्यावर, सोड. सर्व्हर आधी चढवायचा, दोन्ही मेसेज बोलणारा. मग क्लाएंटचं रिलीज. जुने क्लाएंट विरळ झाल्यावर दुसरा आकडा. उलट्या क्रमाने केलंस तर नवा क्लाएंट असा मेसेज पाठवेल जो सर्व्हरने कधी ऐकलेलाच नाही.

तुझ्या पॅचमध्ये आणखी एक गोष्ट सापडली, आणि ती डॅमेजपेक्षा जास्त घातक आहे. एरर कोडच्या यादीत तू नवा कोड मधोमध टाकलास, सारख्या अर्थाच्या दोघांच्या मधे, नीटनेटकं दिसावं म्हणून. त्या यादीत फक्त पहिल्याला शून्य दिलेलं आहे. बाकीच्यांना कंपायलर एकेक वाढवत क्रमांक देतो. मधे एक घुसला की त्याच्या खालचे सगळे एकाने सरकले. ‘सर्व्हर भरला आहे’ असं सर्व्हर म्हणेल आणि जुना क्लाएंट दाखवेल ‘वेळ संपली’. नवा कोड नेहमी यादीच्या शेवटी टाकावा. शक्य असेल तिथे किंमत हाताने लिही, म्हणजे कुणी ओळी वर्णानुक्रमे लावल्या तरी काही बिघडत नाही. आणि सामाईक एरर ६४ च्या आतच राहतात हे पाळ. ६४ पासून पुढचे कोड त्या-त्या मेसेजचे खासगी आहेत: लॉगिनच्या उत्तरातला ६४ म्हणजे चुकीची आवृत्ती, पात्र तयार करतानाचा ६४ म्हणजे चुकीची केशरचना. त्यामुळे एरर दाखवणारं एकच फंक्शन सगळीकडे वापरायचा मोह झाला तर आवर.

तुला टीएमडब्ल्यूअथेनाचा, म्हणजे ‘द माना वर्ल्ड’ या खेळाच्या सर्व्हरचा, कोडही वाचायचा आहे म्हणतोस, जरूर वाच. पण तिथले संकेत वेगळे आहेत हे आधी माहीत असू दे. तो ईअथेनाच्या घराण्यातला. ईअथेना म्हणजे २००२ मध्ये कोरियात आलेल्या रॅग्नारोक ऑनलाइनच्या प्रोटोकॉलवर बेतलेला सर्व्हर. मानासर्व्ह ईनेट या नेटवर्क लायब्ररीवर चालतो, तिथे प्रत्येक मेसेज सुटा पोचतो. अनोळखी क्रमांक आला तर तेवढाच टाकून पुढे जाता येतं. ईअथेना टीसीपीवर चालतो, आणि टीसीपी म्हणजे सलग बाइटांची धार. एक पॅकेट कुठे संपलं हे कळायचं तर प्रत्येक क्रमांकाची लांबी दोन्ही बाजूंना पाठ हवी. त्यासाठी लांबीचा तक्ता असतो; उणे एक लिहिलं असेल तर लांबी क्रमांकानंतरच्या दोन बाइटांत. एकच लांबी चुकली तर पुढचं प्रत्येक पॅकेट चुकीच्या जागेवरून वाचलं जातं. अनोळखी क्रमांक आला तर किती बाइट ओलांडायचे हेच कळत नाही, म्हणून कनेक्शन तोडण्यावाचून गत्यंतर नसतं.

लॉगिनचं पॅकेट हातात घेऊन मोज: क्रमांक २ बाइट, आवृत्ती ४, नाव २४, पासवर्ड २४, क्लाएंटचा प्रकार १. बेरीज ५५, आणि तक्त्यातही ५५. वायरशार्कमध्ये (नेटवर्कवरचे बाइट दाखवणाऱ्या प्रोग्राममध्ये) ते पाहिलंस तर पहिले दोन बाइट ६४ ०० असे दिसतील, कारण तिथे लहान बाइट आधी जातो. क्रमांक हेक्स ००६४, म्हणजे शंभर. मोठा बाइट आधी समजून वाचलास तर तोच २५,६०० होतो. मानासर्व्हमध्ये नेमकं उलट, मोठा बाइट आधी. दोन्हींचा कोड शेजारी-शेजारी उघडा ठेवून काम करताना हे डोक्यात पक्कं असू दे. त्याच घराण्यात जागेचे दोन निर्देशांक आणि दिशा मिळून तीन बाइटांत कोंबतात: १० बिट, १० बिट आणि ४ बिट. म्हणजे निर्देशांक १,०२३ च्या पुढे जाऊच शकत नाही. असा स्थिरांक नकाशा काढणाऱ्यालाही बांधून टाकतो, आणि बहुतेक वेळा त्याला कुणी सांगितलेलंच नसतं.

नावाच्या त्या २४ बाइटांवर मराठी माणसाने तरी थांबायलाच हवं. त्यातला एक बाइट शेवटच्या शून्यासाठी, म्हणजे हाती २३. यूटीएफ-८ मध्ये, म्हणजे अक्षरं बाइटांत लिहिण्याच्या नेहमीच्या पद्धतीत, देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइटचं, आणि काना, मात्रा, हलन्त ही सगळी वेगळी चिन्हं. ‘विठ्ठल’ सहा चिन्हांत, अठरा बाइटांत बसतो. ‘ज्ञानेश्वर’ला दहा चिन्हं, तीस बाइट लागतात. २३ व्या बाइटवर कापलं तर सात चिन्हं पूर्ण राहतात आणि आठव्याचे, म्हणजे ‘श’च्या हलन्ताचे, तीनपैकी दोनच बाइट उरतात. तो तुकडा यूटीएफ-८ म्हणून वैधच नाही. डेटाबेस तो नाकारेल किंवा चॅटमध्ये चौकोन उमटतील. पुढे कधी तू स्वतः नावाची मर्यादा ठरवशील तेव्हा ती अक्षरांत आहे की बाइटांत, हे स्थिरांकाच्या नावातच लिही, आणि कापायचंच असेल तर पूर्ण चिन्हाच्या हद्दीवर काप. मानासर्व्हच्या स्ट्रिंगआधी दोन बाइटची लांबी जाते. तिथे कापाकापीचा त्रास नाही, पण मर्यादा सर्व्हरने तपासावीच लागते.

खेळातलं पात्र कुठे तोंड करून आहे त्या दिशांचे आकडे १, २, ४, ८ असे का, तेही विचारलंस. खाली, डावीकडे, वर, उजवीकडे असा एकेकाला एकेक बिट. ३ म्हणजे खाली आणि डावीकडे. पाचवी गोष्ट जोडायची झाली तर ती १६ असेल, ५ नव्हे. आणि क्लाएंटकडून आलेला बाइट थेट दिशेच्या प्रकारात ढकलू नकोस. यादीत चारच किमती असल्या तरी तारेवरून २५५ ही येऊ शकतात, आणि त्या आकड्याने ॲरेत डोकावलंस की सर्व्हर पडला. सामाईक फाइलमुळे दोन्ही बाजूंचं एकमत होतं. समोरचा प्रामाणिक आहे, असं मात्र त्यातून सिद्ध होत नाही.

त्या फाइलमध्ये काय नसावं, हेही सांगतो: अनुभवाचे गुणक, वस्तू पडण्याची शक्यता, किती सेकंदांनी ऑटोसेव्ह. तारेवर जे जात नाही ते तिथे नको. नाहीतर खेळाचा तोल सांभाळण्यासाठी कुणी एक आकडा हलवतो आणि दोन्ही बाजूंना नवं रिलीज काढावं लागतं.

पॅच पुन्हा पाठवताना तो तीन कमिटमध्ये, म्हणजे तीन सुट्या नोंदींत, दे. पहिल्यात फक्त हेडर: नवा क्रमांक, मांडणीची कॉमेंट, यादीच्या शेवटी एरर कोड, वाढवलेली आवृत्ती. दुसऱ्यात सर्व्हर: अकाउंटकडून गेमकडे आवृत्ती, आणि त्यावरून नवा किंवा थोपवलेला जुना मेसेज. तिसरी कमिट क्लाएंटच्या रिपॉझिटरीत, हेडरची तीच प्रत घेऊन. दोन्ही प्रती जुळतात का हे डोळ्यांनी पाहू नकोस. त्यांचा डिफ, म्हणजे फरक, काढणारी एक ओळ बिल्डच्या तपासणीत घाल, फरक दिसला की बिल्ड लाल. चाचणीत डॅमेजच्या पाच किमती हव्यात: ०, ३००, ६५,५३५, ६५,५३६ आणि ७०,०००. प्रत्येक किंमत नव्या आणि जुन्या, दोन्ही क्लाएंटवर चालव, आणि एका मेसेजमध्ये दोन नोंदी पाठवायला विसरू नकोस. एकच नोंद पाठवलीस तर सहा बाइटांतली पहिली जोडी वाचून दोन बाइट उरतात, आणि वर दाखवलेला घोटाळा त्या रूपात दिसतच नाही.

कळावे.