फुंकायला सांगण्याआधी काय विचारशील

अनेक आशीर्वाद.

तुझा आराखडा वाचला. रत्नागिरी ते मालवण या पट्ट्यात व्हेप (ई-सिगारेट) ओढणारी आणि न ओढणारी कॉलेजची मुलं-मुली घेऊन त्यांची फुप्फुसं तपासायची, हे काम व्हायलाच हवं. चाचण्यांची निवडही चांगली आहे. पण यातली एकही चाचणी "हा माणूस व्हेप ओढतो" असं सांगत नाही. शरीरात काय बदललं एवढंच ती सांगते. कशामुळे बदललं हे तुला प्रश्न विचारून आणि घड्याळ बघून ठरवावं लागेल, आणि आपल्याकडे कारणं भरपूर आहेत.

लघवीतल्या कोटिनीनपासून सुरुवात करू. निकोटिनचं शरीरात कोटिनीन होतं आणि ते साधारण १६ ते २० तासांत निम्मं होतं, म्हणजे मागच्या दोन-तीन दिवसांचा माग लागतो. पण निकोटिन आलं कुठून, ते कोटिनीनला माहीत नसतं. तंबाखू-चुना, गुटखा, मशेरी, सगळ्यांनी ते वाढतं. मशेरी लावणाऱ्या बाईला "तंबाखू खाता का?" विचारलंस तर ती प्रामाणिकपणे नाही म्हणेल, कारण तिच्या लेखी ते दात घासणं आहे. म्हणून "दात कशाने घासता, दिवसातून किती वेळा?" असा वेगळा प्रश्न ठेव. उलट बाजूने, निकोटिन नसलेलं द्रव ओढणाऱ्याचं कोटिनीन शून्याजवळ येईल आणि तो न ओढणाऱ्यांच्या गटात जाऊन बसेल. सिगारेटवाले वेगळे काढायला लघवीतलाच सीईएमए हा घटक मोजून घे. तो जळत्या तंबाखूतल्या अ‍ॅक्रिलोनायट्राइलपासून तयार होतो, त्यामुळे मशेरी किंवा व्हेपने तसा वाढत नाही. एनएनएएल हा तंबाखूचा दुसरा खुणेचा घटक या कामाला उपयोगी नाही, तो खाण्याच्या तंबाखूनेही चढतो. लघवीतले सगळे आकडे क्रिएटिनीनच्या (लघवी किती दाट आहे ते दाखवणाऱ्या घटकाच्या) प्रमाणात लिही, नाहीतर त्या दिवशी कोण किती पाणी प्यायलं तेच मोजत बसशील.

श्वासातला कार्बन मोनॉक्साइड स्वस्तात होतो. १५ सेकंद श्वास रोखायला सांग, मग सावकाश पूर्ण सोडायला लाव. सिगारेट ओढणाऱ्यात आकडा चढतो. व्हेपमध्ये काही जळत नाही, म्हणून तिथे तो चढत नाही. हा वायू चार-पाच तासांत निम्मा होतो, तेव्हा सकाळी लवकर मोजलंस तर रात्रभर सिगारेट न ओढलेला सुटून जाईल, दुपारी मोज. पण चुलीपुढून उठून आलेली मुलगी, काजूच्या भट्टीवरचा मुलगा, भाजावळीच्या (शेतात पालापाचोळा जाळण्याच्या) दिवसांत शेतातून आलेला कुणीही, यांचाही आकडा वर असू शकतो. चूल, भट्टी, भाजावळ असे तीन रकाने वेगळे कर आणि धुरात शेवटचं कधी होते ती वेळ लिही.

आता क्रम. आधी प्रश्नावली, मग श्वासातला कार्बन मोनॉक्साइड, मग फेनो (श्वासातला नायट्रिक ऑक्साइड, श्वासनलिकांच्या सुजेची खूण), मग ऑसिलोमेट्री (साध्या श्वासावर हवेची बारीक कंपनं सोडून श्वासनलिकांचा रोध मोजणं), मग स्पायरोमेट्री (जोराने फुंकून हवा किती आणि किती वेगाने सुटते ते मोजणं), शेवटी डीएलसीओ (फुप्फुसातून रक्तात वायू किती शिरतो त्याची चाचणी). हा क्रम उलटा करू नकोस. स्पायरोमेट्रीत जोराने फुंकल्यावर फेनो खाली येतो, खोल श्वासांनी ऑसिलोमेट्रीचा आकडा बदलतो, आणि डीएलसीओत आपणच कार्बन मोनॉक्साइड हुंगायला देतो. तपासणीआधी एक तास व्हेप नाही, सिगारेट नाही, धावपळ नाही. पाच मिनिटं व्हेप ओढल्यावर फेनो उतरतो आणि श्वासनलिकांचा रोध वाढतो असं २०१२ च्या एका ग्रीक अभ्यासात दिसलं होतं. शेवटचा झुरका केव्हा घेतला ते मिनिटांत लिहिलं नाहीस, तर हा तात्पुरता परिणाम आणि कायमचा बिघाड एकमेकांत मिसळतील. बीट आणि पालेभाज्यांतल्या नायट्रेटने फेनो वाढतो, जेवणही विचार.

स्पायरोमेट्रीत सगळ्यात जास्त घोळ होतात. रोज सकाळी तीन लिटरच्या पिचकारीने, सावकाश, मध्यम आणि जोरात अशा तीन वेगांनी यंत्र तपास. उत्तर २.९१ ते ३.०९ लिटरमध्ये यायला हवं. पिचकारी यंत्राच्याच खोलीत ठेव. बाहेरून आणलेली पिचकारी आणि खोलीतली हवा यांच्या तापमानातला फरक आकड्यात उतरतो. पत्र्याखालच्या खोलीत पंखा लागणारच, पण शून्य ठरवताना सेन्सरवर वारा येऊ देऊ नकोस, नाहीतर न फुंकताच यंत्र प्रवाह मोजू लागतं. पावसाळ्यात जाळीवर बाष्प धरतं आणि ओलसर फिल्टरचा अडथळा वाढतो, म्हणून फिल्टर डबाबंद ठेव आणि माणसागणिक नवा वापर.

किमान तीन नीट फुंका हव्यात, आठच्या पुढे जाऊ नकोस. सर्वांत मोठ्या दोन एफव्हीसींमध्ये (एका फुंकेत सुटलेली एकूण हवा) १५० मिलिलिटरहून जास्त फरक नको, एफईव्ही-१ चंही (पहिल्या सेकंदात सुटलेली हवा) तेच. आकडा वाचण्याआधी आलेख बघ. सुरुवात संथ असेल, पहिल्या सेकंदात खोकला आला असेल, शेवट कड्यासारखा तुटला असेल, तर ती फुंक बाद. बहुतेक चुका नळीभोवती ओठ सैल राहिल्याने, जीभ तोंडाच्या नळीत आल्याने किंवा लवकर थांबल्याने होतात. तू स्वतः करून दाखव आणि मोठ्याने "फुंका, फुंका, अजून, अजून" म्हणत राहा. संकोचणाऱ्या मुली हळू फुंकतात. त्यांच्यासाठी आडोसा आणि शक्य तर बाई तंत्रज्ञ ठेव. उंची चपला काढून मोज, सांगितलेली लिहू नकोस. वय, उंची, लिंग यांवरून अपेक्षित आकडे काढायला एकच समीकरण सुरुवातीलाच ठरव आणि झेड-स्कोअर (अपेक्षित आकड्यापासूनचं अंतर) उणे १.६४५ ही सामान्याची खालची रेषा धर.

एवढं करूनही विशीतल्या मुलांचे बहुतेक आकडे सामान्य येतील. त्याने निराश होऊ नकोस आणि "व्हेपने काही होत नाही" असंही लिहू नकोस. बारीक श्वासनलिकांतला बदल एफईव्ही-१ ला उशिरा दिसतो. त्यासाठीच ऑसिलोमेट्री आहे. साधा श्वास घेत बसायचं, दोन्ही तळव्यांनी गाल घट्ट धरायचे, ३० सेकंदांच्या तीन नोंदी घ्यायच्या. ५ आणि २० हर्ट्झमधल्या रोधातला फरक तिथे पाहा.

डीएलसीओला हिमोग्लोबिन लागतंच. रक्तक्षय असला की आकडा खोटाच उतरतो, आणि आपल्या मुलींत तो खूप आहे.

निरोगी स्वयंसेवकांचा सीटी स्कॅन काढू नकोस, किरणोत्सर्ग विनाकारण होतो. अमेरिकेत २०१९ साली व्हेपमुळे फुप्फुसांना इजा झालेल्या ५१ जणांच्या फुप्फुस धुतलेल्या पाण्याच्या नमुन्यांपैकी ४८ मध्ये व्हिटॅमिन ई अ‍ॅसिटेट सापडलं होतं, पण अशा तपासण्या आजारी माणसांच्या निदानासाठी होत्या. तुझ्यासमोर ताप, धाप, उलट्या आणि ऑक्सिमीटरवर ९५ च्या खालचा आकडा घेऊन कुणी आलं, तर फुंकायला लावू नकोस. त्याच दिवशी जिल्हा रुग्णालयात पाठव आणि चिठ्ठीत व्हेपचा उल्लेख कर.

२०१९ च्या कायद्याने ई-सिगारेट बनवणं, आयात, विक्री, साठवण, जाहिरात, सगळ्याला बंदी आहे. म्हणून अभ्यासासाठी उपकरण देऊ नकोस, नमुना म्हणून कपाटात ठेवूही नकोस. ओढणं त्या यादीत नाही, तरी मुलं घाबरतात. नाव आणि क्रमांक वेगवेगळ्या वहीत, वेगवेगळ्या कुलपात ठेव आणि हे त्यांना पहिल्याच वाक्यात सांग.

लघवीचे नमुने उणे २० अंशांवर ठेवायचे आहेत. बंदरावरच्या थर्मोकोलच्या पेटीतला बर्फ शून्यापाशीच राहतो, तो फक्त वाहतुकीपुरता. वीज जाते तिथे फ्रीझरचं तापमान सकाळ-संध्याकाळ वहीत लिही.

पहिले दहा जण झाले की त्यांचे आलेख पाठव, नुसते आकडे नकोत.