मुलाने अमेरिकेत नोंदणीचा फॉर्म भरावा का?

प्रश्न : माझा मुलगा क्रूझवर किचनमध्ये कामाला होता. २०२३ मध्ये बोट मायामीला लागली तेव्हा तो उतरला, तो परत चढलाच नाही. हॉटेलात काम करतो. आता तिकडे सगळ्या परदेशी लोकांना नोंदणी सक्तीची झाली आहे. एक मित्र म्हणतो, फॉर्म भर, कायदेशीर होशील. दुसरा म्हणतो, कोर्टात केस आहे, गप्प बस. आमची झोप उडाली आहे. काय करावे?
– एक आई, डिचोली

ताई, दोघांचेही ऐकू नका. आजच मुलाला फोन करा आणि पासपोर्टमधल्या व्हिसाच्या पानाचा फोटो मागवा. बोटीवर जाणाऱ्या आपल्या मुलांच्या व्हिसावर सहसा ‘सी१/डी’ असे छापलेले असते. असा व्हिसा घेऊन तो उतरला असेल, तर तिथल्या नियमाप्रमाणे त्याची नोंदणी झालेलीच आहे. राहण्याची मुदत संपली म्हणून ती पुसली जात नाही. खलाशांना उतरताना मिळणारा आय-९५ परवानासुद्धा नोंदणीचा पुरावा धरतात. नवा जी-३२५आर फॉर्म आहे तो ज्यांची अशी कसलीच नोंद सरकारदरबारी नाही त्यांच्यासाठी.

हे ठासून सांगतो, कारण त्या फॉर्मात गेल्या पाच वर्षांचे पत्ते विचारतात, अमेरिकेत आल्यापासून काय केले आणि पुढे काय करणार तेही विचारतात. विनापरवाना काम करतो असे त्याने स्वतःच्या हाताने लिहून दिले, तर तो कबुलीजबाब झाला. आणि एवढे करून पदरात काय? नोंदणीमुळे राहण्याचा किंवा कामाचा हक्क मिळत नाही, हद्दपारीही टळत नाही. २००२ नंतर ठरावीक देशांतल्या पुरुषांना अशीच नोंदणी लावली होती. आपण होऊन गेलेल्यांपैकी हजारोंवर हद्दपारीची कारवाई सुरू झाली.

आता कोर्टाचे. मूळ कायदा १९४० चा आहे : १४ वर्षांवरील परदेशी माणूस ३० दिवस किंवा जास्त राहणार असेल, तर त्याने नोंद करावी, बोटांचे ठसे द्यावेत. अनेक दशके त्याची अंमलबजावणी ढिली होती. जानेवारी २०२५ मध्ये ट्रम्प यांनी आदेश काढला, मार्चमध्ये नियम आला आणि ११ एप्रिलला लागू झाला. त्याच्या आदल्याच दिवशी वॉशिंग्टनचे न्यायाधीश ट्रेव्हर मॅकफॅडन यांनी स्थगिती नाकारली. नियम योग्य आहे, असा काही तो निकाल नव्हता. ज्या संघटना कोर्टात गेल्या होत्या त्यांना स्वतःचे ठोस नुकसान दाखवता आले नाही, म्हणून त्यांना दाद मागता येणार नाही, एवढेच कोर्ट म्हणाले. स्वतःविरुद्ध साक्ष देण्याची सक्ती नको, हा घटनेतला मुद्दा (आपल्याकडे कलम २०(३)) ज्याच्यावर खटला होईल त्याला मांडता येईल. पण तो लढा तुमच्या मुलाने अंगावर घ्यावा, असे मी म्हणणार नाही. केस आहे म्हणून नियम थांबलेला नाही, आणि नोंदणी टाळणाऱ्याला ५,००० डॉलरपर्यंत दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते.

नोंदणी झालेल्यालाही दोन गोष्टी चुकत नाहीत : पुरावा जवळ बाळगणे आणि पत्ता बदलला की दहा दिवसांत कळवणे. परवाना हरवला असेल तर नक्कल मागता येते. पण त्यातूनही पत्ता सरकारकडे जातो, तेव्हा वकिलाशी बोलल्याशिवाय काहीही पाठवू नये.

मला खरी काळजी वेगळीच आहे. खलाशाला जास्तीत जास्त २९ दिवस राहता येते. त्यानंतर वर्षाहून जास्त राहिलेला माणूस देश सोडून गेला, की दहा वर्षे त्याला परत प्रवेश नाही. तिथल्या मुलीशी लग्न कर म्हणजे सुटशील, असेही कोणी सांगेल. खलाशी म्हणून आलेल्याला लग्नानंतरही तिथल्या तिथे ग्रीन कार्ड सहसा मिळत नाही.

मी गोव्यात वकिली करतो. तिथला सल्ला तिथल्या इमिग्रेशन वकिलाचाच हवा. आपल्याकडे वारसाचे दस्त नोटरीकडे होतात, म्हणून नोटरीची पाटी बघून आपला विश्वास बसतो. मायामी ज्या राज्यात आहे त्या फ्लोरिडात ‘नोतारियो’ (स्पॅनिशमध्ये नोटरी) अशी पाटी लावून बसलेला माणूस बहुधा वकील नसतो आणि फॉर्म भरून पैसे उकळतो. वकिलाची सनद फ्लोरिडा बारच्या, म्हणजे तिथल्या वकिलांच्या अधिकृत संस्थेच्या, वेबसाइटवर तपासा. फी परवडत नसेल तर अमेरिकेच्या न्याय खात्याची मान्यता असलेले सेवाभावी संस्थांचे प्रतिनिधी कमी पैशांत, कधी फुकटही बघतात.

आणि घरी परतायचे ठरले, पण पासपोर्टची मुदत संपली असेल, तर फ्लोरिडासाठी अटलांटाचे भारतीय वाणिज्य दूतावास आहे. तिथे इमर्जन्सी सर्टिफिकेट, म्हणजे भारतात परतण्यापुरता प्रवासाचा कागद, मिळते. मात्र दहा वर्षांचे गणित वकिलाकडून समजून घेतल्याशिवाय त्याने तिकीट काढू नये.