आधी झुरळ ओळखा, मग औषध काढा

म्हापसा-मडगावकडच्या हॉटेलांत पेस्ट कंट्रोलचे काम नव्याने सुरू करत आहात, म्हणून सांगतो: पंप गाडीतच ठेवा आणि आधी टॉर्च घेऊन स्वयंपाकघर पाहा. फ्रीजच्या दाराचे रबर हलकेच मागे सारल्यावर मिरपुडीसारखी काळी विष्ठा आणि मानेमागे दोन गडद पट्टे असलेली, जेमतेम दीड सेंटिमीटरची फिकट तपकिरी झुरळे दिसली, तर ती जर्मन जातीची आहेत. त्यांची मादी 30 ते 40 अंड्यांची कुपी पिल्ले बाहेर येण्याच्या सुमारापर्यंत पोटाशी वागवते, त्यामुळे एका फेरीत काम संपत नाही. दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा जावेच लागते. अशा ठिकाणी बिजागऱ्या, फटी आणि मोटरच्या आसपास जेलचे (झुरळे खातात त्या विषारी आमिषाचे) बारीक ठिपके द्यावेत. त्यावर फवारणी मात्र कदापि करू नये, कारण वासाने झुरळे जेलपासून दूर राहतात आणि सगळी मेहनत वाया जाते. चार सेंटिमीटरची तांबूस झुरळे बहुधा गटाराच्या चेंबरमधून येतात, विशेषतः पावसाळ्यात. तिथे झाकण आणि जाळी नीट बसवून घ्यावी. रात्री खरकटे आणि ओलावा राहू देऊ नका, असे मालकांना स्पष्ट बजावा.