'शर्यत नव्हती, नुसती वेळ मोजली'

प्रश्न : आम्ही सिंधुदुर्गातले आठ-दहा मित्र, सगळे जीपवाले. जानेवारीतल्या एका रविवारी ओहोटी बघून मालवण-देवगडच्या मधल्या एका पुळणीवर, म्हणजे वाळूच्या किनाऱ्यावर, आम्ही गाड्या पळवल्या. शर्यत नव्हती. एक गाडी जायची, झेंड्याला वळसा घालून परत यायची आणि आम्ही मोबाइलवर वेळ मोजायचो. प्रत्येकी हजार रुपये मीच जमा केले, त्यात जेवण आणि पहिल्या नंबरला ढाल. सरपंचांना तोंडी सांगितलं होतं. सगळ्यांकडून 'स्वतःच्या जबाबदारीवर' असं लिहूनही घेतलं होतं. माझी गाडी मावसभाऊ चालवत होता. वळताना बंपर रापणीच्या, म्हणजे किनाऱ्यावरून ओढतात त्या मासेमारीच्या जाळ्याच्या, दोरात अडकला. दोर ओढणारा एकजण फेकला गेला आणि त्याचं मांडीचं हाड मोडलं. जाळंही फाटलं. त्याला इस्पितळात पोचवेपर्यंत भरती लागली आणि गाडी पाण्यात गेली. आता ती पोलिसांकडे आहे आणि आम्हा दोघांना नोटीस आली आहे. काका म्हणतात, चालक म्हणून घरच्या जुन्या ड्रायव्हरचं नाव द्या. विमा कंपनीला 'कुटुंबासह फिरायला गेलो होतो' असं कळवावं का? जखमीचे भाऊ पन्नास हजारांत स्टॅम्पपेपरवर मिटवायला तयार आहेत. मिटवून टाकू का?

उत्तर : काकांचा सल्ला आधी बाजूला ठेवा. अपघाताच्या वेळी गाडी कोण चालवत होतं हे पोलिसांनी विचारल्यावर सांगणं मोटार वाहन कायद्याच्या कलम 133 प्रमाणे मालकाचं कर्तव्य आहे. त्या ड्रायव्हरला पुढे केलंत, तर खऱ्या गुन्हेगाराला वाचवण्यासाठी खोटी माहिती दिल्याचा वेगळा गुन्हा तुमच्यावर दाखल होऊ शकतो, आणि तो आजच्या गुन्ह्यापेक्षा जड जाईल. शिवाय एका गरीब माणसाला तुमच्यासाठी आरोपी करायचं, हे मला पटणारं नाही. मोबाइलमधले व्हिडिओही पुसू नका. ते आत्तापर्यंत दहा जणांकडे गेले असतील. पुसल्याने पुरावा नाहीसा होणार नाही, तो नष्ट करण्याचा प्रयत्न मात्र तुमच्या नावावर लागेल.

आता 'शर्यत नव्हती' या तुमच्या मुद्द्याकडे येतो. त्याच कायद्याचं कलम 189 शर्यतीबरोबर 'वेगाची चाचणी' असंही स्पष्ट म्हणतं. गाड्या एकामागून एक सोडल्या, पण वेळ मोजली आणि कमी वेळाला ढाल ठेवली, म्हणजे चाचणी झाली. सार्वजनिक जागेत अशी चाचणी घ्यायला राज्य सरकारची लेखी संमती लागते. सरपंचांच्या तोंडी होकाराला तिथे किंमत नाही. पुळण हा रस्ता नाही असं म्हणून सुटता येणार नाही, कारण लोकांना जिथे जाण्याचा हक्क आहे अशी कोणतीही जागा या कायद्याने सार्वजनिकच धरली आहे. हे कलम भाग घेणाऱ्याबरोबर ती होऊ देणाऱ्यालाही लागतं. पैसे तुम्ही गोळा केले आणि गाडी तुमची, तेव्हा चाकावर नव्हतो एवढ्याने तुम्ही बाहेर पडत नाही. शिक्षा पहिल्या वेळी तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

मावसभावाचं प्रकरण याहून गंभीर आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम 125(ब) प्रमाणे बेदरकार कृत्याने गंभीर दुखापत केल्यास तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, आणि हाड मोडणं ही कायद्याने गंभीर दुखापतच. निष्काळजी वाहन चालवण्याचं कलम 281 'सार्वजनिक मार्गा'बद्दल बोलतं. पुळण हा मार्ग होतो का, यावर त्याचा वकील भांडू शकेल. 125 ला जागेची अट नाही, त्यामुळे तिथे हा बचाव चालणार नाही. दोन्ही कलमं जामीनपात्र आहेत. नोटिशीच्या तारखेला दोघेही हजर राहिलात तर अटकेची भीती बाळगू नका. न जाता घरी बसलात तर मात्र पोलिसांना अटकेचं कारण मिळेल.

तुमच्या पत्रातलं एक वाक्य मी प्रश्नात घेतलं नाही : 'रापणकरच आमच्या ट्रॅकमध्ये आले.' ते कोर्टात म्हणू नका, घरीही म्हणू नका. रापणीचं जाळं होडीने समुद्रात टाकतात, त्याचे दोन दोर किनाऱ्यावर दोन टोकांना येतात आणि दोन्हीकडची माणसं ते तासन् तास ओढत एकमेकांजवळ सरकत येतात. तुमचा पहिला झेंडा रोवण्यापूर्वीच ते जाळं पाण्यात होतं, हे तुमच्याच व्हिडिओत दिसतं. मागे होडी उभी आहे, माणसं पाय वाळूत रोवून मागे रेलली आहेत. ताणलेला दोर एकदम झटका खाल्ल्यावर सोडायलाही वेळ मिळत नाही. ती त्यांची कामाची जागा होती, तुमचा ट्रॅक नंतर आला. चूक त्या माणसाचीही होती असं दाखवून भरपाई कमी करण्याचा प्रयत्न इथे टिकेल असं मला वाटत नाही. आणि ते 'स्वतःच्या जबाबदारीवर'चे कागद? त्यांवर त्याची सही नाही. त्याच्यापुढे त्या कागदांना काही अर्थ नाही.

विम्याचं खरं तेच सांगतो. खासगी गाडीच्या पॉलिसीत 'गाडीचा वापर' या रकान्याखाली काय चालत नाही ते लिहिलेलं असतं, त्यात आयोजित शर्यत आणि वेगाची चाचणी असते. तुमचीही काढून वाचा. तुमच्या गाडीचं नुकसान कंपनी बहुधा देणार नाही. तरी खोटं लिहू नका. खोट्या माहितीवर दावा तर जातोच, वर फसवणुकीची तक्रार होते. पण अपघाताची लेखी खबर कंपनीला आजच द्या, कारण खरा प्रश्न जखमीच्या भरपाईचा आहे. कायद्याने कंपनीला तिथेही शर्यतीचा बचाव दिला आहे. मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाने कंपनीला आधी पैसे भरायला लावून ते मालकाकडून वसूल करण्याची मुभा दिली, तर जखमीला लवकर पैसे मिळतील, पण शेवटी ते तुमच्याच घरातून जातील. तशी तयारी ठेवा.

आता पन्नास हजारांचा तो स्टॅम्पपेपर. त्यावर सही घेऊ नका. गंभीर दुखापत झालेल्या माणसाला चूक कोणाची हे सिद्ध न करताही मोटार वाहन कायद्याच्या कलम 164 खाली अडीच लाख रुपये मिळू शकतात. चूक सिद्ध करून कलम 166 खाली दावा केला तर उपचार, बुडालेली कमाई, कायमचं अपंगत्व, वेदना, सगळं मोजलं जातं. त्याला पगाराची स्लिप नसेल, पण रापणीत प्रत्येकाचा वाटा ठरलेला असतो आणि रापण संघाच्या वहीत तो लिहिलेला असतो. मांडीचं हाड जुळायला महिने लागतात, म्हणजे या हंगामातला त्याचा बराचसा वाटा गेला. फाटलेल्या जाळ्याची भरपाई वेगळी, तीही न्यायाधिकरण देऊ शकतं. इस्पितळाच्या बिलाने घाबरलेल्या घराने पन्नास हजारांवर सही केली, तरी तो कागद पुढे न्यायाधिकरणात त्यांना अडवेल याची खात्री नाही. फौजदारी खटला तर त्याने संपतच नाही. 125(ब) जखमीच्या संमतीने मिटवता येतं, पण कोर्टाच्या परवानगीने. 281 तसं मिटवता येत नाही. त्यासाठी उच्च न्यायालयात जावं लागतं. ऑगस्ट 2025 पासून सिंधुदुर्गची प्रकरणं कोल्हापूरच्या सर्किट बेंचकडे जातात, त्यामुळे मुंबईचा फेरा तरी वाचेल.

मिटवायचंच असेल तर नीट मिटवा. इस्पितळाचं बिल आत्ताच भरा, पावती ठेवा. उपचाराचा खर्च दिला म्हणजे गुन्हा कबूल केला असं होत नाही. त्या माणसाला स्वतःचा वकील घेऊ द्या. वकील परवडत नसेल तर ओरोसच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करता येतो, हे तुम्ही त्याच्या भावांना सांगा. त्याने दावा दाखल केल्यावर लोकअदालतीत तडजोड करा. तिथला निवाडा दिवाणी हुकूमनाम्यासारखा असतो, त्यावर अपील नाही, आणि तुम्हा दोघांनाही पुन्हा तोच विषय उकरावा लागत नाही. दावा करायला कायद्यात सहा महिन्यांची मुदत आहे. तिला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलेलं आहे. ती मुदत उलटून जावी म्हणून त्या कुटुंबाला गोड बोलून झुलवत ठेवू नका.

गाडी परत मिळण्यासाठी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या, म्हणजे फौजदारी कामकाजाच्या कायद्याच्या, कलम 503 खाली दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करा. जप्त वाहनं पोलीस ठाण्यात सडत ठेवू नयेत असं सर्वोच्च न्यायालयाने सुंदरभाई अंबालाल देसाई प्रकरणात सांगितलेलं आहे. खाऱ्या पाण्याने रोज गंज चढतो हे अर्जात लिहा. विमा कंपनीच्या सर्वेअरने पाहिल्याशिवाय आणि मेकॅनिकने तपासल्याशिवाय इंजिन सुरू करू नका.

एक गोष्ट तुम्ही विचारली नाही, पण वनखात्याचा माणूस विचारू शकतो. जानेवारीत या पट्ट्यातल्या काही किनाऱ्यांवर ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालतात आणि हे कासव वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सर्वांत कडक संरक्षणाच्या यादीत आहे. तुमचा ट्रॅक नेमका कुठून कुठे होता, उंच कोरड्या वाळूत गाड्या गेल्या का, हे सगळ्यांना आधी विचारून खरं काय ते तुमच्या वकिलाला सांगा.

पोलीस ठाण्यात जाताना आरसी, विम्याची पॉलिसी, मावसभावाचा परवाना आणि इस्पितळात दिलेल्या पैशांच्या पावत्या, सगळ्यांच्या झेरॉक्स न्या. ठाण्यात तपासात दिलेल्या जबाबावर सही करण्याची सक्ती नसते. वकील बरोबर असेल तर उत्तम. मावसभावासाठी वकील वेगळा करा. चालक आणि मालक-आयोजक म्हणून तुमचे बचाव पुढे एकमेकांच्या विरुद्ध जाऊ शकतात.