पाच तास झोपून भागतं, मग आहार-झोप-व्यायामाने डोकं आणखी चालेल का?

तुम्ही लिहिलंय की रात्री दोनपर्यंत जागून कथा लिहिता, पाच तास झोप पुरते, मग खाणं, झोप आणि व्यायामाचा कल्पनाशक्तीशी खरंच संबंध असतो का?

असतो, पण तिघांचं वजन सारखं नाही. झोपेचं सगळ्यात जास्त, आणि 'पाच तास पुरते' हेच मला खटकलं. मीही बरीच वर्षं हेच म्हणायचो. मी कोड लिहितो. मध्यरात्री काय झकास जमलंय असं वाटायचं आणि सकाळी त्यातलं निम्मं पुसावं लागायचं.

२००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन प्रयोगात काहींना चौदा दिवस रोज सहाच तास, तर काहींना चारच तास झोपू दिलं होतं. चाचण्यांमध्ये दोन्ही गट दिवसेंदिवस घसरत गेले. चार तासवाले तर शेवटी सलग दोन रात्री जागलेल्या माणसाच्या पातळीला आले. आणि त्यांना विचारलं तर उत्तर काय, जराशी झोप येतेय इतकंच! मोजणारंही तेच दमलेलं डोकं, मग माप चुकणारच.

दुसरा प्रयोग जर्मनीतला, २००४ सालचा. आकड्यांचं एक किचकट काम होतं, त्यात एक छुपी पळवाट. कामाच्या दोन फेऱ्यांमधले आठ तास झोपलेल्यांपैकी ५९ टक्के लोकांना ती सापडली, जागे राहिलेल्यांत जेमतेम २३ टक्क्यांना.

व्यायामाचं म्हणाल तर घाम गाळायलाच हवा असं नाही, चाला. स्टॅनफर्डच्या २०१४ च्या अभ्यासात चालताना लोकांना सरासरी ६० टक्के जास्त कल्पना सुचल्या, अगदी कोऱ्या भिंतीसमोर ट्रेडमिलवर चालूनसुद्धा. मात्र एकच नेमकं उत्तर शोधायचं काम चालताना किंचित बिघडलं. म्हणून मी चालताना फक्त सुचू देतो, काटछाट खुर्चीत बसून करतो.

आहाराबद्दल फार सांगण्यासारखं नाही. मेंदू वजनाच्या जेमतेम २ टक्के, पण विश्रांतीतही शरीराची सुमारे २० टक्के ऊर्जा खातो. तरीही अमुक खाल्लं की बुद्धी तल्लख होते हे जाहिरातीपुरतं ठीक. लोह किंवा बी-१२ कमी असेल तर मात्र खरंच डोकं जड राहतं, शंका असेल तर रक्त तपासून घ्या. आणि संध्याकाळची कॉफी सोडा. पाच-सहा तासांनीही त्यातलं निम्मं कॅफीन अंगात असू शकतं.

रात्री सुचतं हे मी नाकारत नाही. ऑटो लोवी या शास्त्रज्ञाला बेडकाच्या हृदयावरचा प्रयोग स्वप्नात सुचला, ज्यातून पुढे १९३६ चं नोबेल मिळालं. पहिल्या रात्री त्यानं तो अर्धवट झोपेत टिपून ठेवला, पण सकाळी स्वतःचंच अक्षर लागेना. पुढच्या रात्री पुन्हा सुचला तेव्हा तो उठून थेट प्रयोगशाळेतच गेला. तुम्ही उशाशी वही ठेवा, सुचलं की टिपा आणि परत झोपा. अक्षर तेवढं नीट काढा.